नावाआधीची दोन अक्षरं

आयर्लंडच्या टिपरेरी काउंटीत थर्ल्स नावाचं एक गाव आहे. गावाबाहेरचं रेसकोर्स एकाच कुटुंबाने पिढ्यान्पिढ्या सांभाळलं. हिवाळ्यात आठवड्याच्या मधल्याच एखाद्या दिवशी इथे शर्यती व्हायच्या. ओलं गवत, लवकर कलणारा उजेड आणि गर्दी म्हणाल तर बहुतेक ओळखीचीच माणसं. फेब्रुवारी 2011 मध्ये इथे फक्त स्त्री स्वारांसाठी हर्डल्सची एक शर्यत झाली. जिंकलेल्या घोड्याचं नाव होतं स्टोअवे पर्ल. पाठीवर 21 वर्षांची एक मुलगी होती. अधिकृत शर्यतीतला तिचा हा पहिला विजय. निकालाच्या यादीत तिच्या नावाआधी ‘मिझ’ ही इंग्रजी दोन अक्षरं छापलेली होती: मिझ आर. ब्लॅकमोर.

ही दोन अक्षरं शिष्टाचाराची नाहीत. रेसकार्डावर ज्याच्या नावाआधी ‘मिस्टर’ किंवा ‘मिझ’ लागतं तो स्वार हौशी असतो. घोड्यावर बसण्याचे पैसे तो घेत नाही. ज्याच्या नावाआधी काहीच नाही, तो व्यावसायिक. एकाच शर्यतीत, एकाच अडथळ्यावर दोघं खांद्याला खांदा लावून उडी मारतात, पडले तर सारख्याच चिखलात पडतात. कार्डावर मात्र ही एवढीशी खूण दोघांना वेगळं ठेवते.

‘हौशी’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रविवारचा छंद येतो. पण ज्यांनी राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी पाहिल्या आहेत त्यांना या शब्दाचं खरं वजन ठाऊक असतं. दिवसभर नोकरी करून रात्री तालमीला येणाऱ्या त्या माणसांतूनच मराठी रंगभूमीला मोठे नट मिळाले. आयरिश घोडदौडीतला हौशी स्वारही त्याच जातकुळीचा. पहाटे कुणाच्या तरी पागेत चार-पाच घोड्यांना रपेट द्यायची, मग कॉलेज किंवा नोकरी, आणि शनिवार-रविवारी गाडी काढून शेकडो किलोमीटर दूर कुठल्याशा कुरणात एका घोड्यावर सहा-सात मिनिटं बसायला जायचं.

ते कुरण नीट पाहायला हवं, कारण या स्वारांची शाळा तिथेच भरते. त्या शर्यतीला पॉइंट-टू-पॉइंट म्हणतात. या प्रकाराचं मूळ 1752 सालच्या एका पैजेत सांगतात. कॉर्नेलियस ओ’कॅलॅहन आणि एडमंड ब्लेक या दोन गृहस्थांनी कॉर्क काउंटीतल्या बटेव्हंटच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चपर्यंत, सुमारे साडेचार मैल, घोडे पळवले. मधे जे येईल ते ओलांडायचं: बांध, चर, दगडी भिंती, ओढे. दिशा चुकू नये म्हणून नजर चर्चच्या मनोऱ्यावर, म्हणजे ‘स्टीपल’वर ठेवायची. स्टीपलचेस हा शब्द त्यातूनच आला. पुढे मोठी रेसकोर्सं झाली, तिकिटं आली, बक्षिसांच्या रकमा वाढल्या. पण शिकारी मंडळांनी शेतकऱ्याच्या जमिनीवर भरवायची ही गावरान शर्यत टिकून राहिली. शरद ऋतूपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत आयर्लंडमध्ये कुठे ना कुठे तिचा तंबू पडलेला असतो. कुरणात लावलेल्या गाड्या, पाट्या घेऊन उभे असलेले बुकी, चहा, पावसात भिजणारी पोरं, आणि तीन मैल पळणारे तरुण घोडे. यातल्या बहुतेकांनी त्याआधी शर्यत म्हणून काही पाहिलेलंच नसतं.

इथे व्यावसायिकांना प्रवेश नाही. सगळे स्वार हौशी. त्यामुळे एक विलक्षण गोष्ट घडते. चार वर्षांचा घोडा, ज्याला गर्दीत पळणं ठाऊक नाही, अडथळा पाहून बिचकायचं की झेपावायचं हे ज्याचं ठरलेलं नाही, त्याचं पहिलं शिक्षण पैसे न घेणाऱ्या माणसाच्या हाती असतं. आणि हे शिक्षण स्वस्तातलं नव्हे. अशी एक शर्यत देखणेपणाने जिंकली की तोच घोडा काही दिवसांत लाखो युरोंना विकला जाऊ शकतो. डेरेक ओ’कॉनरसारखा स्वार या कुरणांत हजाराहून जास्त शर्यती जिंकला आणि आयुष्यभर हौशीच राहिला. त्याला शिकाऊ म्हणायची कुणाची छाती होणार नाही.

कुरणाच्या पुढची पायरी म्हणजे बम्पर. ही रेसकोर्सवरची, पण अडथळे नसलेली शर्यत. पुढे अडथळ्यांवर पळणार असलेल्या घोड्यांना आधी नुसतं सपाटीवर, साधारण दोन मैल पळवून गर्दीची सवय लावायची. मांड कच्ची असलेले हौशी स्वार खोगिरावर आदळत-आपटत जायचे, म्हणून हे नाव पडलं असं म्हणतात. आयर्लंडमध्ये बहुतेक बम्पर आजही हौशींसाठी राखीव आहेत. शिवाय इथे घोड्यावरचं वजन साधारण 11 स्टोन, म्हणजे सुमारे 70 किलो असतं. महालक्ष्मीला सपाटीवरच्या शर्यती पाहिलेल्या माणसाच्या मनात जॉकी म्हणजे पन्नास-पंचावन्न किलोचा, चणीने लहान माणूस. बम्परमध्ये सहा फुटांचा गडीही खपून जातो.

असा सहा फुटांहून उंच एक मुलगा कार्लो काउंटीत वाढत होता. पॅट्रिक मलिन्स. त्याचा आणि रेचल ब्लॅकमोरचा जन्म एकाच वर्षातला, 1989 चा. ती जुलैची, तो डिसेंबरचा. दोघांची उमेदवारी शेजारी शेजारी ठेवून पाहिली की आयर्लंडमधल्या या हौशी जगाची घडण जितकी स्पष्ट दिसते, तितकी कुठल्याही नियमपुस्तिकेत दिसत नाही.

पॅट्रिकच्या घरात घोडा तीन पिढ्यांचा. आजोबा पॅडी मलिन्स यांनी तयार केलेली डॉन रन ही घोडी इंग्लंडमधल्या चेल्टनमच्या मेळाव्यातल्या चॅम्पियन हर्डल आणि गोल्ड कप या दोन्ही शर्यती जिंकणारी आजवरची एकमेव. वडील विली मलिन्स सहा वेळा आयर्लंडचे हौशी विजेते होते. 1996 मध्ये चेल्टनमच्या चॅम्पियन बम्परमध्ये विदर ऑर विच या घोड्याचे ट्रेनर तेच आणि स्वारही तेच, आणि घोडा पहिला आला. पुढे त्यांनी क्लोसटनची पागा आयर्लंडमधली सर्वांत बलाढ्य पागा केली. बारा वर्षांनी, 2008 मध्ये, तीच चेल्टनमची बम्पर कझिन व्हिनी नावाच्या घोड्याने जिंकली. ट्रेनर विली मलिन्स, स्वार पॅट्रिक. वय 18.

बापाची पागा म्हणून सगळं सोपं, असं म्हणायचा मोह होतो. संधी सोपी होती हे खरंच. आयर्लंडचे उत्तमोत्तम तरुण घोडे त्या पागेत येतात, पहिल्यांदा बम्परमध्ये उतरतात आणि बम्परमध्ये हौशी स्वार लागतो. घरातच असा स्वार असेल तर दुसरीकडे कशाला पाहायचं? पण घोडे बापाचे नसतात, मालकांचे असतात. एका हंगामात भलताच धीर धरून किंवा भलतीच घाई करून चार चांगले घोडे हरवले, तर मालक तोंडावर काही बोलत नाही, पुढच्या वेळी दुसरं नाव सुचवतो. पॅट्रिकच्या बाबतीत तसं झालं नाही. 2012 या एका वर्षात तो 74 शर्यती जिंकला. त्याआधीचा हौशी स्वाराचा विक्रम 72 विजयांचा होता आणि तो बिली पार्किन्सन यांनी 1915 मध्ये केला होता. सत्त्याण्णव वर्षं कुणाला गाठता आला नव्हता.

आता त्याच 2012 सालातली रेचल. किलिनॉल हे तिचं गाव टिपरेरीतच, थर्ल्सपासून फार लांब नाही. वडिलांचा दुधाचा धंदा, आई शिक्षिका. घरात पोनी होते, शिकारीच्या घोडदौडी होत्या. पण जॉकी कुणी नव्हतं. शाळकरी वयात पोनींच्या एका शर्यतीत तिने पॉल टाउनेंडला हरवलं होतं. हाच टाउनेंड पुढे आयर्लंडचा अव्वल जॉकी आणि मलिन्स पागेचा मुख्य स्वार झाला. चरित्रकारांना ही गोष्ट फार आवडते, कारण त्यात पाळण्यात पाय दिसल्याचं समाधान मिळतं. मला मात्र त्या शर्यतीनंतरची वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. ते जमलं नाही. लिमरिक विद्यापीठात तिने अश्वविज्ञानाची पदवी घेतली. अभ्यास सांभाळून पागेत जाणं, कुरणांवरच्या शर्यती, मधूनच एखादी बम्पर, असं चालू राहिलं. थर्ल्सच्या विजयानंतर दारं उघडली असतील असं आपल्याला वाटतं. तसं काही झालं नाही. पुढच्या चार वर्षांत विजय आले, पण बेताचेच. व्यावसायिक जॉकी होण्याचा विचार आपल्या डोक्यात कधी नव्हताच, असं ती पुढे अनेक मुलाखतींत सांगत आली.

तो विचार तिला न शिवण्यामागे कारण होतं. आयरिश स्त्रिया घोड्यावर कुणाला हार जाणाऱ्या नव्हत्या. अ‍ॅन फेरिस यांनी 1984 मध्ये बेंटम बॉयवर आयरिश ग्रँड नॅशनल जिंकली होती. 2011 मध्ये, म्हणजे रेचलच्या पहिल्या विजयानंतर काही आठवड्यांतच, नीना कारबेरीने ऑर्गनाइज्डकन्फ्यूजनवर तीच शर्यत जिंकली. 2012 मध्ये केटी वॉल्श सीबासवर इंग्लंडमधल्या एन्ट्रीच्या ग्रँड नॅशनलमध्ये तिसरी आली. पण नीना आणि केटी यांच्या नावाआधी ती दोन अक्षरं होतीच. अडथळ्यांच्या शर्यतीत व्यावसायिक परवाना घेतलेली आयरिश स्त्री शोधायला 1980 च्या दशकातल्या मारिया कलनपर्यंत मागे जावं लागत होतं. जणू स्त्रीने हौशी राहण्यातच तिची आब आहे, असा एक न लिहिलेला नियम होता. शिवाय कारबेरी आणि वॉल्श ही घराणी. नीनाचे वडील टॉमी यांनी स्वार म्हणून आणि ट्रेनर म्हणूनही ग्रँड नॅशनल जिंकलेली, भाऊ पॉल त्याच शर्यतीचा विजेता. केटीचे वडील टेड अकरा वेळा हौशी विजेते, भाऊ रुबी आपल्या काळातला सर्वांत मोठा स्वार. बम्परसाठी चांगला घोडा हाती असलेला ट्रेनर नीनाला, केटीला, पॅट्रिकला किंवा जेमी कॉडसारख्या नावाजलेल्या हौशीला फोन करणार. किलिनॉलच्या दूधवाल्याच्या मुलीपर्यंत तो फोन कशाला पोहोचेल?

इथे जॉन जोसेफ हॅनलन यांचा प्रवेश होतो. सगळं आयर्लंड त्यांना ‘शार्क’ म्हणतं. स्टोअवे पर्लचे ट्रेनर तेच. त्यांची पागाही कार्लोतच, मलिन्स यांच्या साम्राज्यापासून हाकेच्या अंतरावर, पण तिथला बाज पूर्ण वेगळा. लाखमोलाचे घोडे विकत घेणारे मालक त्यांच्या दारात रांग लावत नाहीत. 850 युरोंना घेतलेला ह्यूइक नावाचा घोडा त्यांनी असा घडवला की तो 2023 च्या नाताळात केम्प्टनची किंग जॉर्ज ही शर्यत जिंकला. कमी किमतीच्या जनावरात लपलेलं पाणी ओळखणं ही त्यांची नजर. रेचलला व्यावसायिक हो, असं सुचवणारे तेच.

हा सल्ला त्या वेळी कुणालाही वेडगळ वाटला असता. हौशी म्हणून जिला पुरेसे घोडे मिळत नाहीत, ती व्यावसायिकांत काय करणार? पण हॅनलन यांचा हिशोब पक्का होता. हौशींच्या जगात चांगल्या घोड्यांची संख्या ठरलेली आणि त्यांच्यावरची नावंही ठरलेली. त्याउलट व्यावसायिकांच्या जगात साध्या घोड्यांच्या हँडिकॅप शर्यती, म्हणजे घोड्याच्या कुवतीनुसार वजन ठरवून दिलेल्या शर्यती, सतत होतात. तिथे नवख्या व्यावसायिकाला वजनात सूट असते. सुरुवातीला ती सात पौंड, म्हणजे तीन किलोंहून थोडी अधिक असते आणि विजय वाढत गेले की पाच, तीन अशी उतरत जाते. घोडा साधा असेल तर हे तीन किलो फार मोलाचे ठरतात. छोट्या पागेच्या ट्रेनरला असाच स्वार हवा असतो: मांड पक्की, कष्टाला तयार आणि वजनात सूट असलेला.

मार्च 2015 मध्ये तिने परवाना बदलला आणि ती दोन अक्षरं गेली. त्यांच्याबरोबर कुरणांवरच्या रविवारच्या शर्यती गेल्या, हौशींच्या बम्पर गेल्या. परतीची वाट सोपी नव्हती. आणि विजय? मार्च गेला, एप्रिल, मे, सगळा उन्हाळा गेला. पहिला विजय सप्टेंबरमध्ये आला. क्लॉन्मेलला, म्हणजे पुन्हा टिपरेरीतच, मोस्ट ऑनरेबल नावाच्या घोड्यावर. ट्रेनर पुन्हा हॅनलनच. मधले ते सहा महिने मला या सगळ्या कथेचा कणा वाटतात. निकालाच्या तक्त्यात त्यांचं काहीच उरत नाही. पण या सहा महिन्यांत ती रोज पहाटे पागेत होती, गाडीत होती, चौथ्या-पाचव्या-आठव्या क्रमांकावर येऊन चिखलाने माखून उतरत होती आणि घोड्याने कुठे पाय चोरला ते ट्रेनरला सांगत होती. हौशी असताना जी कामं केली तीच, फक्त आता त्यावर पोट होतं. 2016-17 च्या हंगामात ती आयर्लंडमधल्या नवख्या व्यावसायिकांची विजेती ठरली. हा किताब मिळवणारी पहिलीच स्त्री.

या वाटेवर पडण्याबद्दल बोलायला हवं. कुरण असो की चेल्टनम, मोठ्या अडथळ्याची उंची साधारण साडेचार फूट असते आणि घोडा अर्ध्या टनाचा असतो. लिमरिकचे जे. टी. मॅक्नमारा हे ओ’कॉनरच्या तोडीचे हौशी स्वार. मार्च 2013 मध्ये चेल्टनमला, हौशींच्याच एका शर्यतीत, ते पडले आणि मानेखालचं शरीर लुळं झालं. 2016 मध्ये ते गेले. आणि मायकेल ओ’सलिव्हन. कॉर्कच्या या मुलाचे वडील विल्यम यांनी 1991 मध्ये लव्हली सिटिझन या घरच्याच घोड्यावर चेल्टनमची हौशींची फॉक्सहंटर्स जिंकली होती. मायकेलने डब्लिनला कृषिविज्ञानाची पदवी घेतली, हौशी म्हणून नाव कमावलं आणि 2022 मध्ये तो व्यावसायिक झाला. मार्च 2023 मध्ये, चेल्टनम मेळाव्याच्या पहिल्याच दिवशी, मरीन नॅशनाल आणि जॅझी मॅटी या दोन घोड्यांवर त्याने दोन शर्यती जिंकल्या. उगवता स्वार म्हणजे कसा असावा हे दाखवायला त्याच्याहून चांगलं उदाहरण त्या वर्षी नव्हतं. 6 फेब्रुवारी 2025 रोजी तो पडला आणि दहा दिवसांनी गेला. चोवीस वर्षांचा होता. ते रेसकोर्स थर्ल्सचंच, जिथे ही हकिकत सुरू झाली.

थर्ल्सवरच्या त्या दोन फेब्रुवारींचा विचार मनातून जात नाही. एक 2011 चा, एक 2025 चा. तीच जमीन, तसेच अडथळे, पाठीवर तशीच कोवळी माणसं.

पुढचा भाग जगाला ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. 10 एप्रिल 2021 रोजी, साथीमुळे रिकाम्या पडलेल्या एन्ट्रीच्या मैदानावर, रेचल ब्लॅकमोरने मिनेला टाइम्सला तीस अडथळ्यांवरून नेऊन ग्रँड नॅशनल जिंकली. एवढ्या वर्षांत हे करणारी पहिली स्त्री. त्याआधी काही आठवडेच हनीसकलवर चॅम्पियन हर्डल जिंकून आणि एकूण सहा विजय मिळवून ती चेल्टनम मेळाव्याची सर्वोत्तम स्वार ठरली होती. 2022 मध्ये अ प्लस टार्डवर गोल्ड कपही आला.

पॅट्रिक हौशीच राहिला. उंची आणि वजन पाहता व्यावसायिकांच्या हलक्या वजनांत बसणं त्याला कधीच परवडणारं नव्हतं. पागेत वडिलांच्या हाताखाली कामही भरपूर होतं. विजयांची संख्या शेकड्यांत गेली, गॉलवेच्या उन्हाळी मेळाव्यात पहिल्या दिवशीच्या हौशींच्या मोठ्या शर्यतीत त्याचं नाव वरचेवर झळकलं, वर्तमानपत्रात तो उत्तम लिहूही लागला. 5 एप्रिल 2025 रोजी तो 35 वर्षांचा होता. त्या दिवशी एन्ट्रीला, ग्रँड नॅशनलमध्ये, निक रॉकेट नावाचा घोडा त्याच्याकडे होता. एकास तेहतीस भाव. घोडा पहिला आला. कॅमेऱ्यासमोर त्याचे ट्रेनर विली मलिन्स यांना बोलता येईना, ते रडत होते. पाच आठवड्यांनी, मे महिन्यात, रेचलने घोडदौडीतून निवृत्ती जाहीर केली.

ग्रँड नॅशनलच्या विजेत्यांच्या यादीत आता दोघंही आहेत, चार वर्षांच्या अंतराने. तिचं नाव तिथे नुसतंच आहे. त्याच्या नावाआधी अजूनही ‘मिस्टर’ लागतं.